औषधाने ‘बंद’ पडलेला संदेश पेशीत खरोखर बंद असतो का?

कर्करोगजीवशास्त्रात पीएच.डी. करण्याचा विचार असलेल्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने पुढील प्रश्न विचारला आहे: “पेशी-संदेशवहन आणि कर्कपेशींचे प्रतिमांकन यांवर काम करणारा शास्त्रज्ञ नेमके काय शोधत असतो? औषध दिल्यावर ईआरके हे विभाजनाचा संदेश नेणारे प्रथिन बंद झाले हे वेस्टर्न ब्लॉटवर स्वच्छ दिसत असेल, तर तेच पाहण्यासाठी महागड्या मायक्रोस्कोपखाली जिवंत पेशी तासन्‌तास न्याहाळण्याची गरज काय? आणि यातून रुग्णाच्या पदरात काही पडते का?”

गेली वीसेक वर्षे मी हेच काम करत आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधला प्रश्न कळीचा आहे. त्याचे उत्तर मिळाले की उरलेले दोन पुष्कळसे आपोआप उलगडतात. वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे पेशींतील एखादे प्रथिन ओळखून मोजण्याची चाचणी, खोटे सांगत नाही, पण तो काही लाख पेशी एकत्र फोडून त्यांची गोळाबेरीज एका काळ्या पट्टीत दाखवतो. कर्करोग मात्र गोळाबेरजेतून परत येत नसतो. औषधाच्या माऱ्यातून वाचलेल्या थोड्या पेशी त्याला परत आणतात, आणि त्या पेशींमधला संदेश कधी, किती वेळ आणि गाठीच्या कोणत्या कोपऱ्यात चालू होता, हे पट्टीत उमटत नाही. आमचे बहुतेक काम या ‘कधी, किती वेळ आणि कुठे’ यांच्याभोवती फिरते.

आधी संदेशाचा मार्ग. पेशीबाहेरचा वाढघटक, उदाहरणार्थ ईजीएफ, पेशीपटलावरील ग्राहीला, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो. असे दोन ग्राही जोडीने एकत्र येतात आणि एकमेकांच्या शेपटीतील टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतात. त्या फॉस्फेटला धरून आतील प्रथिने गोळा होतात, रास हे प्रथिन जागे होते. रास राफला, राफ मेकला आणि मेक ईआरकेला कामाला लावते, आणि ईआरके केंद्रकात शिरून विभाजनासाठी लागणारी जनुके सुरू करवते. फॉस्फेट चढवणारी प्रथिने ती कायनेज आणि उतरवणारी ती फॉस्फटेज. ही चढउतार सतत चाललेली असते आणि ईजीएफ दिल्यापासून ईआरके शिखराला पोहोचेपर्यंत पाच-दहा मिनिटेच लागतात, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिची गरज पडणार आहे.

टायरोसिनवर फॉस्फेट चढतो हे कळले त्याची कथा आमच्या क्षेत्रात आवडीने सांगितली जाते. तोवर सेरिन आणि थ्रिओनिन एवढ्याच दोन जागा ठाऊक होत्या. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर हे विषाणूच्या एका प्रथिनावर काम करत असताना त्यांनी रेणू वेगळे करण्यासाठी लागणारा बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) ताजा न करता जुनाच वापरला. त्याचा सामू १.९ वरून १.७ पर्यंत उतरला होता, आणि तेवढ्या फरकामुळे एरवी फॉस्फोथ्रिओनिनच्या डागात मिसळून जाणारा फॉस्फोटायरोसिनचा डाग वेगळा पडला. माझ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट सांगतो आणि लगेच ताजा बफर करायला पाठवतो, कारण शिळ्या बफरने असा शोध लागण्याचा प्रसंग एखादाच आणि प्रयोग वाया जाण्याचे प्रसंग रोजचे.

या मार्गावरील एखादे प्रथिन बिघडले की पेशी कोणी न सांगताच विभागू लागते. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगातील रास जनुकात एकच अक्षर बदलल्याचे दिसले. त्यामुळे प्रथिनाच्या १२ व्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन आले होते. २००२ मध्ये बी-राफ या राफच्याच एका प्रकारातील बदल सापडले. त्यांपैकी ६०० व्या जागी व्हॅलिन जाऊन ग्लुटामेट येणे हा बदल मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत आढळतो. आपल्याकडे मेलॅनोमा विरळ आहे, तरीही मी पुढे त्याचेच उदाहरण घेणार आहे, कारण संदेश ‘बंद’ करण्याचा प्रयोग माणसात इतक्या स्पष्टपणे फार कमी कर्करोगांत झालेला आहे. बदललेल्या बी-राफला अडवणारे व्हेमुराफेनिब हे औषध २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. शरीरभर पसरलेल्या गाठी काही आठवड्यांत विरघळल्यासारख्या दिसू लागल्या आणि बहुतेक रुग्णांत काही महिन्यांनी परत आल्या. प्रयोगशाळेतील ब्लॉटवर तर औषधानंतर फॉस्फेट चढलेल्या, म्हणजे चालू असलेल्या, ईआरकेची पट्टी नाहीशी होत होती. मग परत आले ते काय?

सरासरी कशी फसवते ते पाहा. गावाच्या डीपीवरील मीटरवर एकूण वीज निम्म्यावर आल्याचे दिसले, तर त्यावरून प्रत्येक घरातला दिवा मंद झाला आहे की निम्म्या घरांत लख्ख उजेड आणि निम्म्यांत काळोख आहे, हे सांगता येणार नाही. ईआरकेची पट्टी निम्मी झाली की हाच पेच पडतो. औषधाच्या दृष्टीने या दोन गावांत जमीनअस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या गावात औषध निम्म्या घरांत पोहोचलेलेच नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पीसी-९ या पेशींवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात औषधाच्या मोठ्या मात्रेनंतरही सुमारे ०.३ टक्के पेशी टिकून राहिल्याचे दाखवले गेले, आणि त्या टिकल्या त्या नव्या उत्परिवर्तनामुळे नव्हे, तर तात्पुरत्या बदललेल्या अवस्थेमुळे; औषध काढल्यावर त्यांची पिलावळ पुन्हा औषधाला बळी पडू लागली. हजारात तीन पेशींचा संदेश कोणत्याही ब्लॉटवर दिसत नाही.

आता वेळेचा प्रश्न. ब्लॉटसाठी आपण पाचव्या, पंधराव्या आणि साठाव्या मिनिटाला वेगवेगळ्या ताटल्यांतील पेशी मारतो आणि तीन बिंदू जोडून रेषा काढतो. ही रेषा कोणत्याही एका पेशीची नसते. २०१३ मध्ये दोन गटांनी एकेका जिवंत पेशीतील ईआरके सलग मोजले: हार्वर्डमध्ये जॉन अल्बेक आणि जोन ब्रुगी यांनी, तर क्योतोमध्ये काझुहिरो आओकी आणि मिचियुकी मात्सुदा यांनी. बाहेर वाढघटकाचे प्रमाण स्थिर असतानाही पेशीतील ईआरके स्थिर नव्हते. ते उसळत होते, विझत होते, पुन्हा उसळत होते, आणि शेजारच्या पेशीचा ठेका वेगळा होता. अनेक पेशींची सरासरी काढली की या साऱ्या लाटा एकमेकींत बुडून गुळगुळीत रेषा तयार होते. हार्वर्डच्या गटाला असे दिसले की ईजीएफचे प्रमाण बदलले की या स्पंदनांची वारंवारता बदलते. क्योतोच्या गटाने तर निळ्या प्रकाशाने राफ चालू-बंद करण्याची युक्ती वापरून पेशीत मुद्दाम स्पंदने निर्माण केली. स्पंदने दिली की पेशींची वाढ वेगाने झाली, मात्र सलग चालू ठेवलेल्या ईआरकेने ती तशी झाली नाही. जुन्या तारयंत्राची कट्ट-कडकट्ट ज्यांनी ऐकली असेल त्यांना हे चटकन समजेल: आवाज एकच, मजकूर सगळा ठेक्यात. (योगायोग असा की आपल्याकडची तारसेवा बंद झाली तीही २०१३ मध्येच.)

याची चाहूल पूर्वीही लागलेली होती. उंदराच्या गाठीतून वेगळ्या केलेल्या पीसी-१२ या पेशींना ईजीएफ दिले की ईआरके थोडा वेळ चमकून शांत होते आणि पेशी विभागतात. त्याच पेशींना चेतावाढीचा घटक एनजीएफ दिला की ईआरके काही तास चालू राहते आणि पेशी विभाजन थांबवून चेतापेशीसारखे तंतू फोडू लागतात. प्रथिने तीच, मार्ग तोच, फरक फक्त कालावधीचा. म्हणून आमच्या शाखेत ‘ईआरके चालू आहे’ हे वाक्य मी अर्धवट मानतो.

जिवंत पेशीला न मारता तिच्या आतला फॉस्फेट कसा पाहायचा? येथे जेलीफिशचे उपकार आहेत. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशमधून हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे केले, डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये त्याचे जनुक मिळवले, मार्टिन चॅल्फी यांनी १९९४ मध्ये ते जीवाणूत आणि कृमीत चमकवून दाखवले आणि रॉजर त्सिएन यांनी त्याला नवे रंग दिले. शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रॅशर त्यात नव्हते. नोबेल तिघांपेक्षा अधिकांना देत नाहीत.

या प्रथिनांपासून संवेदक करण्याच्या दोन पद्धती रोजच्या वापरातील आहेत. पहिल्या पद्धतीला फ्रेट म्हणतात. निळसर आणि पिवळे अशी दोन चमकणारी प्रथिने एका लवचीक साखळीने जोडलेली असतात आणि साखळीत ईआरकेला फॉस्फेट चढवण्यासाठी एक जागा ठेवलेली असते. फॉस्फेट चढला की साखळी दुमडते, दोन्ही प्रथिने जवळ येतात आणि निळसर प्रथिनाने घेतलेली ऊर्जा पिवळ्याकडे जाऊन प्रकाशाचा रंग किंचित बदलतो. ही ऊर्जा अंतराच्या सहाव्या घाताने घटते, त्यामुळे दहा नॅनोमीटरपलीकडे ती जवळपास पोहोचतच नाही. संवेदकाची नजर इतकी तीक्ष्ण असते ती याच कारणाने. दुसरी पद्धत मला जास्त आवडते, कारण ती डोळ्यांनाही कळते. स्टॅनफर्डमधील मार्कस कोव्हर्ट यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या संवेदकावर ईआरकेने फॉस्फेट चढवला की तो केंद्रकातून बाहेर ढकलला जातो. ईआरके शांत असेल तर केंद्रक उजळ दिसते. ईआरके चालू झाले की केंद्रक काळवंडते आणि भोवतालचे पेशीद्रव उजळते. केंद्रकाभोवतालच्या कड्यातील उजेडाला केंद्रकातील उजेडाने भागले की आकडा हाती येतो. रंग एकच लागत असल्यामुळे दुसऱ्या रंगात त्याच पेशीतील आणखी काही मोजता येते, उदाहरणार्थ ती पेशी विभाजनचक्राच्या कोणत्या टप्प्यावर आहे.

आता ‘कुठे’ हा प्रश्न. येथे मी एका प्रयोगावर जरा रेंगाळणार आहे, कारण हे क्षेत्र काय करू शकते ते त्यातून सर्वांत चांगले दिसते. लंडनमधील एरिक सहाई यांच्या प्रयोगशाळेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात बी-राफ बिघडलेल्या मेलॅनोमा पेशींमध्ये ईआरकेचा फ्रेट संवेदक घालून त्यांच्या गाठी उंदरात वाढवल्या आणि उंदीर जिवंत असताना त्या गाठींच्या आतील पेशी पाहिल्या. व्हेमुराफेनिबच्याच घराण्यातील पीएलएक्स ४७२० हे औषध दिल्यावर सुरुवातीला अपेक्षेप्रमाणे ईआरके विझले. त्यानंतर मात्र काही ठिकाणी ते लवकरच परत पेटले, आणि ती ठिकाणे अशीतशी विखुरलेली नव्हती. गाठीत कर्कपेशींखेरीज फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी आणि त्यांनी विणलेले तंतूंचे जाळे असते. हे जाळे जिथे दाट होते तिथल्या कर्कपेशींत ईआरके परत आले होते.

कारण शोधताना जे सापडले ते मला आजही चकित करते. हे औषध बिघडलेल्या बी-राफला अडवते हे खरे, पण ज्या पेशीत बी-राफ धड आहे तिथे ते उलटे वागते. राफची प्रथिने जोडीने काम करतात. औषध जोडीतील एकाला चिकटले की दुसरे अधिकच चेकाळते. ही उलटी क्रिया २०१० मध्ये माहीत झाली होती, आणि या औषधांवर असलेल्या काही रुग्णांच्या त्वचेवर दुसऱ्याच प्रकारच्या गाठी उगवतात त्याचे कारण तीच आहे. गाठीतील फायब्रोब्लास्ट पेशी तर निरोगी बी-राफच्या. औषधाने त्या चेतवल्या गेल्या, त्यांनी फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनांचे जाळे आणखी विणले, आणि त्या ताठर जाळ्याला धरून बसलेल्या कर्कपेशींना इंटिग्रिन, एफएके आणि सार्क या प्रथिनांच्या दुसऱ्याच वाटेने ईआरके परत पेटवता आले. कर्कपेशीला मारायला दिलेल्या औषधानेच तिच्यासाठी आडोसा बांधून दिला! फायब्रोनेक्टिनयुक्त आणि ३ ते १२ किलोपास्कल ताठरपणाचा थर एवढेच या संरक्षणाला पुरते, हेही त्यांनी दाखवले. बी-राफ आणि एफएके दोन्ही एकदम अडवले तेव्हा ईआरके परत पेटले नाही आणि गाठी अधिक काबूत राहिल्या.

याच गाठीचा तुकडा कापून, दळून ब्लॉट केला असता तर ‘ईआरके थोडे परत आले’ एवढेच हाती लागले असते. प्लॅस्टिकच्या ताटलीत एकट्या वाढवलेल्या कर्कपेशी पाहिल्या असत्या तर फायब्रोब्लास्टच नसल्यामुळे हे नाटक घडलेच नसते. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे की जिथे प्रश्न ‘किती’ एवढाच आहे तिथे ब्लॉट करा, तो स्वस्त आणि विश्वासार्ह आहे. पण प्रश्नात शेजार आला, वेळ आली किंवा एकेकट्या पेशीचे नशीब आले, की पाहण्यावाचून गत्यंतर नाही. दोन्ही करणारे प्रबंध मला सर्वांत जास्त पटतात.

आतल्या आत फिरणारी वाटही असते. ईआरके नेहमी आपल्याच मार्गाच्या वरच्या टोकाला दाबून धरते. औषधाने ईआरके विझले की तो दाब सुटतो आणि वरचे ग्राही मोकळे होतात. बृहदांत्राच्या कर्करोगात बी-राफचा हाच बिघाड असूनही व्हेमुराफेनिब जवळजवळ निरुपयोगी ठरले, ते का, हे २०१२ मध्ये ॲमस्टरडॅममधील रेने बर्नार्ड्स यांच्या गटाने दाखवले: तिथल्या पेशींत ईजीएफचा ग्राही भरपूर असतो आणि दाब सुटताच तो मार्ग पुन्हा चालू करतो. मेलॅनोमाच्या पेशींत तो ग्राही एरवी कमी असतो. पण २०२० मध्ये हार्वर्डमधील पीटर सॉर्जर यांच्या गटाने एकेक पेशी पाहून दाखवले की औषधाला सरावलेल्या मेलॅनोमा पेशींतही ग्राहींकडून आलेली ईआरकेची तुरळक स्पंदने चालू असतात आणि तेवढ्यावर काही पेशी विभागत राहतात. सरासरीत हे ईआरके ‘बंद’ या सदरातच जमा झाले असते.

आता या कामातील खाचखळग्यांबद्दल, कारण रंगीत चित्रे पाहून या क्षेत्रात येणाऱ्यांना ते कोणी आधी सांगत नाही. मी स्वतः संशोधक विद्यार्थी असताना ईआरकेची अत्यंत नियमित स्पंदने पाहिली होती, साधारण वीस मिनिटांच्या अंतराने, जवळजवळ सर्व पेशींत एकाच ठेक्यात. मी तीन आठवडे हवेत होतो. मग एका वरिष्ठ सहकारी बाईंनी शांतपणे सुचवले की फॉर्मॅल्डिहाइडने मारून ठेवलेल्या पेशींची एक ताटली तशीच रात्रभर पाहून घे. मेलेल्या पेशीही वीस मिनिटांनी स्पंदू लागल्या! खोलीतील एसी चालू-बंद होताना मायक्रोस्कोपच्या धातूचे तापमान अर्ध्याएक अंशाने बदलत होते, त्यामुळे फोकस वरखाली सरकत होता, आणि फोकस सरकला की केंद्रक आणि पेशीद्रव यांच्या उजेडाचे गुणोत्तर बदलत होते. तेव्हापासून माझ्याकडे कोणीही नवा प्रयोग मेलेल्या ताटलीशिवाय सुरू करत नाही.

दुसरा खळगा प्रकाशाचाच. पेशींना निळ्या उजेडाची सवय नसते. तो फार दिला की त्या ताणाखाली येतात, आणि ताणाला प्रतिसाद देणारे मार्ग, कधीकधी ईआरकेसुद्धा, त्या उजेडानेच चालू होतात. चित्र जितके सुंदर तितका उजेड जास्त दिलेला असण्याची शक्यता अधिक, असा माझा अनुभव आहे. थोडे दाणेदार पण पेशींना न दुखवणारे चित्र मला चालते. ज्या पेशींना उजेड दिलाच नाही अशा, त्याच ताटलीतील दुसऱ्या कोपऱ्यातील पेशी प्रयोगाच्या शेवटी तितक्याच प्रमाणात विभागल्या आहेत का, हे मोजून पाहावे.

तिसरा खळगा संवेदकाचा. संवेदक हा ईआरकेचे गिऱ्हाईकच असतो. तो पेशीत फार भरला तर ईआरके त्याच्यावरच फॉस्फेट चढवत बसते आणि खऱ्या गिऱ्हाइकांचा वाटा कमी होतो. म्हणून सर्वांत चमकदार पेशी निवडण्याचा मोह टाळावा. ज्यातील फॉस्फेटची जागाच बदलून निकामी केली आहे असा संवेदक शेजारी चालवावा. त्यातही स्पंदने दिसली तर ती ईआरकेची नव्हेत. आणि प्रत्येक चित्रफितीच्या शेवटी मेकला अडवणारे औषध घालून संवेदक तळाला जातो का ते पाहावे, म्हणजे शून्य कुठे आहे ते कळते. शून्य माहीत नसेल तर ‘निम्मे झाले’ म्हणण्याला अर्थ नाही.

चौथा खळगा मोजणीचा. एका ताटलीतील पाचशे पेशी मोजल्या म्हणजे पाचशे प्रयोग झाले असे नाही. प्रयोग एकच झाला. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पेशींवर तो तीन-चार वेळा व्हायला हवा आणि आकडेमोड त्या तीन-चारांवर व्हायला हवी. परीक्षक म्हणून मी परत पाठवलेल्या लेखांत हा दोष सर्वाधिक वेळा आढळतो.

आणि ज्या पेशी तुम्ही पाहता त्या खरोखर त्याच आहेत का? एमडीए-एमबी-४३५ या पेशी कित्येक वर्षे स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून जगभर वापरल्या गेल्या. त्या मुळात मेलॅनोमाच्या निघाल्या. १९५१ मध्ये बाल्टिमोरमधील हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून आलेल्या हेला पेशी तर इतक्या जोमदार की त्या दुसऱ्यांच्या ताटल्यांत शिरून मूळ पेशींना गिळंकृत करून बसल्याची उदाहरणे ढिगाने आहेत. म्हणून पेशी शेजारच्या प्रयोगशाळेतून बाटलीत मागून आणण्यापेक्षा पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रासारख्या भांडारातून घ्याव्यात, डीएनए-ओळख तपासून घ्यावी आणि मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जीवाणूची चाचणी ठरलेल्या दिवशी करावी. मायकोप्लाझ्मा दिसत नाही, माध्यम गढूळ करत नाही, आणि तुमच्या संदेशवहनाच्या सगळ्या निष्कर्षांत गुपचूप ढवळाढवळ करतो.

शेवटी रुग्णाकडे येतो. थेट फायदा मायक्रोस्कोपमधून रुग्णाच्या खाटेपर्यंत एका उडीत पोहोचत नाही, पण मार्ग दिसतो. मेलॅनोमात आज बी-राफ आणि मेक अडवणारी दोन औषधे एकत्र देतात. त्यामुळे आजार जास्त काळ काबूत राहतो आणि उलट्या क्रियेने उगवणाऱ्या त्वचेच्या गाठीही कमी होतात. बृहदांत्रात बी-राफच्या औषधासोबत ईजीएफच्या ग्राहीला अडवणारे प्रतिपिंड सेटुक्सिमॅब देण्याला अमेरिकेत २०२० मध्ये मंजुरी मिळाली. ही जोडी २०१२ च्या त्या निरीक्षणातूनच सुचलेली आहे. दोन्ही ठिकाणी विचार तोच: संदेश कोणत्या वाटेने परत येतो ते आधी पाहा आणि ती वाटही एकदमच अडवा.

आपल्याकडचा मोठा प्रश्न तोंडाच्या कर्करोगाचा, तंबाखू आणि सुपारीने गालाच्या आत होणाऱ्या गाठींचा. यातील बहुतेक गाठींत ईजीएफचा ग्राही वाढलेला असतो, तरीही प्लॅटिनमयुक्त केमोथेरपीच्या औषधांना दाद न देणाऱ्या डोके-मानेच्या कर्करोगांत एकट्या सेटुक्सिमॅबने गाठ लक्षणीय आटण्याचे प्रमाण सुमारे १३ टक्केच दिसले. ग्राही आहे, त्याला अडवणारे औषध आहे, आणि तरी बहुतेक गाठी ढिम्म. या गाठींतही फायब्रोब्लास्टचे जाळे दाट असते, आणि सुपारीने आधी ताठर झालेल्या गालात, म्हणजे सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये, ते आणखी दाट असते. मेलॅनोमात जे उंदरात पाहिले गेले ते येथे घडते का, हा प्रश्न मला विचाराल तर पीएच.डी.साठी सोन्यासारखा आहे. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राचे संशोधन केंद्र ॲक्ट्रेक आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी जिथे पोहोचू शकतात अशी जागा या प्रश्नासाठी लागते.

मात्र त्या गाठींबाबत एक अडचण आताच सांगून ठेवतो. फॉस्फेट मिनिटांत चढतो आणि मिनिटांत उतरतो हे आपण सुरुवातीला पाहिले. शस्त्रक्रियेत रक्तपुरवठा तुटल्यापासून गाठ फॉर्मॅलिनमध्ये पडेपर्यंत तास उलटला, तर काचपट्टीवर जे फॉस्फेट दिसतात ते गाठीच्या जगण्याचे असतात की मरण्याचे, हे ठरवता येत नाही. म्हणून माझ्या ओळखीतील जे गट हे काम गांभीर्याने करतात, त्यांचा एक विद्यार्थी शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी थंड माध्यमाची बाटली आणि घड्याळ घेऊन उभा असतो. गाठीचे पातळ काप जिवंत ठेवून त्यांतच संवेदक घालण्याचे आणि औषध देऊन पाहण्याचे प्रयत्न आता होत आहेत. तुम्ही हे क्षेत्र निवडलेत तर पहिले वर्ष बहुधा तिथे, दाराशी उभे राहण्यात आणि वेळेची नोंद करण्यात जाईल. मायक्रोस्कोपची पाळी त्यानंतर येईल.